खान्देशात जमीन घेताय? नुसत्या खरेदीखतावर थांबू नका

आपल्याकडे जमीन घ्यायची म्हटलं की आधी सौदा ठरतो, एजंट भाऊ चहा पाजतो, टोकन जातं, आणि मग कुणाला तरी आठवतं की अरे कागद बघायचे राहिले. हे उलटं करा. समोरचा म्हणेल उद्या जळगावचं गिऱ्हाईक येतंय, आजच काहीतरी द्या, तर त्याला सरळ विचारायचं, "जमीन काय पयी जाई ऱ्हायनी का भो?" (म्हणजे, जमीन काय पळून चाललीय का भाऊ?)

पहिलं काम सातबारा. महाभूलेखवर फुकट दिसतो पण तो फक्त बघायला, डिजिटल सहीचा 15 रुपयात मिळतो तो काढा, सोबत 8अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा उतारा) आणि जेवढे फेरफार नंबर सातबाऱ्यावर दिसतात ते सगळे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी. बरेच जण फक्त नाव आणि क्षेत्र बघतात. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, 0.81 लिहिलं असेल तर साधारण दोन एकर, आणि त्यातला पोटखराबा वेगळा बघा कारण नाला-खडकाचे पैसे पण तुम्हीच देणार आहात. नावाच्या मागे ए.कु.मॅ. असं काही दिसलं तर थांबा, म्हणजे मोठ्या भावाचं नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलंय, जमीन त्याच्या एकट्याची नाही. अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) दिसलं तर त्यात अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालच्या मुलाचा हिस्सा आहे. त्याच्या हिश्श्याला जिल्हा कोर्टाची परवानगी लागते का ते वकिलाला विचाराच, नाहीतर पोरगा 18 चा झाला की पुढच्या 3 वर्षांत खरेदी रद्द करून मागू शकतो.

मग "इतर हक्क" चा रकाना. खरी गंमत इथेच असते. विकास सोसायटीचा बोजा, बँकेचं पाइपलाइन किंवा ठिबकचं कर्ज, विहिरीत सामाईक हिस्सा, कुणाची तरी पाण्याची पाळी. रावेर-यावलकडे केळीचं शेत घेताना मी तर विहिरीचा हिस्सा जमिनीआधी बघायला सांगतो, कारण पाण्याशिवाय तो तुकडा घेऊन करणार काय. बोजा असेल तर "नंतर भरून टाकू" चालत नाही, आधी बेबाकी दाखला (कर्ज फिटल्याचा) आणि बोजा कमी केल्याचा फेरफार, मग उरलेले पैसे.

भोगवटादार वर्ग 1 आहे की 2 ते बघा. वर्ग 2 म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही, संपला विषय. आणि आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जमीन महसूल संहितेचं कलम 36अ. नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर इथे, खासकरून सातपुड्याच्या पायथ्याला, बऱ्याच जमिनी आदिवासी खातेदारांच्या आहेत, आणि ती जमीन बिगर आदिवासीला विकायला शासनाच्या मान्यतेने कलेक्टरची परवानगी लागते. ती नसेल तर अनेक वर्षं कसली तरी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाऊ शकते, आणि खरं सांगायचं तर गेलीच पाहिजे. 99 वर्षांचा करार करून देतो, मुखत्यारपत्र करून देतो असं कुणी म्हणालं तर उठून या. मुखत्यारपत्राने आणि नुसत्या साठेखताने (विक्रीच्या कराराने) मालकी जात नाही हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्येच स्पष्ट केलंय.

शेतजमीन घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा पण लागतो. आणि प्लॉट म्हणून 2-3 गुंठे काढून कुणी विकत असेल तर तुकडेबंदी (ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकायला बंदी) आडवी येते, 2023 च्या अधिसूचनेनुसार आपल्याकडे बागायत 10 गुंठे आणि जिरायत 20 गुंठे हे कमीत कमी. शहरालगत नियम सैल झालेत, पण तुमचा गट त्यात बसतो का ते तहसीलला लेखी विचारा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका.

आता बहिणींचं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, कायदा 9 सप्टेंबर 2005 पासून, आणि वडील त्याआधी वारले असले तरी हक्क जात नाही हे सुप्रीम कोर्टाने 2020 ला सांगितलंय. (20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटणी किंवा विक्री झाली असेल तर ती उघडत नाही.) विकणारा म्हणतो "बहिणींचं काही नाही हो, त्या आपल्याच आहेत", त्या आपल्या असतात पण जावई आपले असतीलच असं नाही. म्हणून हक्कसोडपत्र, तेही रजिस्टर केलेलं, स्टॅम्प पेपरवर घरी घेतलेली सही कामाची नाही. किंवा सगळ्या बहिणींना खरेदीखतात लिहून देणार, म्हणजे विकणाऱ्या म्हणून घ्या. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळ्या माहेरी आलेल्या असतात, तेव्हाच ऑफिसची तारीख घ्या. पण जिला हक्क सोडायचा नाही तिच्यावर जोर करू नका, तिचा हिस्सा तिला द्या, दबावाने घेतलेली सही पण कोर्टात उलटते.

सर्च रिपोर्ट 30 वर्षांचा वकिलाकडून, आणि पेपरमध्ये जाहीर नोटीस. यात पैसे वाचवू नका.

खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे. सही झाल्यापासून 4 महिन्यांच्या आत नोंदणीला द्यावं लागतं. रेडी रेकनर आणि ठरलेली किंमत यातल्या जास्तीवर स्टॅम्प लागतो, किंमत कमी दाखवून वाचत काही नाही. चतुःसीमा, गट नंबर, विहीर, झाडं, रस्ता सगळं खतात लिहून घ्या, रस्ता तर नक्कीच. घरातच बायकोला, पोराला, पोरीला राहतं घर किंवा शेत द्यायचं असेल तर बक्षीसपत्राला स्टॅम्प फक्त 200 रुपये, बाकी अधिभार आणि फी वेगळी, हे अनेकांना माहीत नसतं.

खत झालं की लोक पेढे वाटून मोकळे होतात. पण सातबाऱ्यावर नाव लागायचं असतं अजून. ऑनलाइन सूचना ऑफिसातून आपोआप जाते, तरी तलाठी आप्पाला इंडेक्स 2 (नोंदलेल्या खताचा गोषवारा) ची कॉपी देऊन ठेवा. नोटीस निघते, 15 दिवस हरकतीला, मग सर्कल (मंडळ अधिकारी) नोंद मंजूर करतो. "आपली चावडी" या सरकारी संकेतस्थळावर नोटीस बघत राहा. कुणी हरकत घेतली तर तक्रारी नोंद होते, मग सुनावणीला हजर राहायचं. एक लक्षात ठेवा, फेरफार म्हणजे मालकी नाही, ती नोंद आहे, मालकी खताने येते, पण नोंद नसेल तर कर्ज नाही, अनुदान नाही, आणि जुना मालक तीच जमीन दुसऱ्याला दाखवत फिरू शकतो.

नाव लागलं की भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा, शेजाऱ्यांना नोटीस जाऊ द्या, क प्रत (मोजणीचा नकाशा) हातात घ्या आणि मोजणीवाले खुणा दाखवतात तिथे त्याच दिवशी दगड रोवा. पहिल्याच हंगामाची ई-पीक पाहणी स्वतःच्या नावाने भरा. गावठाणातलं घर असेल तर सातबारा नसतो, तिथे ग्रामपंचायतीचा नमुना 8 आणि स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक, दोन्हीवर नाव बदलून घ्या.