बल्बचा होल्डर साफ करताय? आधी मेन बंद करा

दिवा फडफडतो, होल्डरमधून बारीक चर्र असा आवाज येतो, बल्ब जरा हलवला की पेटतो आणि सोडला की विझतो. अशा वेळी आपण सरळ नवा बल्ब आणतो. त्याआधी तोच बल्ब दुसऱ्या, चांगल्या चालणाऱ्या होल्डरमध्ये लावून बघा. तिथे नीट पेटला तर खोट होल्डरमध्ये आहे. धूळ, कोळ्याची जाळी, मेलेले किडे, दमट हवेने चढलेला गंज, यांच्यामुळे होल्डरमधली पितळी टोकं बल्बला नीट टेकत नाहीत. अर्धवट टेकलेली जागा तापते, तापून काळवंडते आणि मग आणखीच तापते.

प्रत्यक्ष साफसफाई पाच मिनिटांची. तिच्याआधीचं काम सावकाश करायचं.

नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही. बटण फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरवर असायला हवं, पण कधी कधी ते न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर जोडलेलं निघतं. मग दिवा विझतो, होल्डरमधली वीज मात्र जिथल्या तिथे. हे मी झटका खाऊन शिकलो. बटण बंद, दिवा बंद, आणि होल्डर पुसायला घातलेल्या बोटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या! तेव्हापासून मी थेट मेन स्विच पाडतो आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवतो. नाहीतर कुणीतरी ‘लाइट गेली वाटतं’ म्हणत खटका पुन्हा वर करतं.

टेस्टरवर आंधळा विश्वास नको. मेन पाडायच्या आधी तो चालू प्लगमध्ये घालून पेटतो ना, ते बघा. मेन पाडल्यावर होल्डरच्या प्रत्येक धातूच्या भागाला लावा. वीजदाब मोजणारा मल्टीमीटर असेल तर फारच छान. बल्ब दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या, हात कोरडे ठेवा, डुगडुगणाऱ्या स्टुलावर चढू नका. काम दिवसाउजेडी काढा, कारण मेन पाडल्यावर अख्खं घर अंधारात जातं.

आता बल्ब काढून टॉर्चने आत बघा. प्लॅस्टिक तपकिरी पडलंय, तडकलंय, जळका वास येतोय किंवा वायरचं आवरण कडक होऊन सुटतंय, तर साफ करत बसू नका. तो होल्डर बदलायचा, आणि वायरिंगची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून.

नुसती घाण असेल तर आधी कोरडा, मऊ ब्रश फिरवा. जुना टूथब्रश चालतो, पण पूर्ण वाळलेला. कोपऱ्यातली जाळी लाकडी काडीने ओढून काढा. चिकट थर असेल तर ब्रशवर कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेची टोकं साफ करायचा स्प्रे) किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. ते होल्डरमध्ये ओतायचं नाही. हे अल्कोहोल आणि बरेचसे कॉन्टॅक्ट क्लीनर भुर्रकन पेट घेणारे असतात, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि सगळं उडून गेल्याशिवाय वीज चालू करू नका. पाणी, साबण, व्हिनेगर, तेल यांतलं काहीच नको. सॅनिटायझरही नको, त्यात पाणी असतं. हट्टी गंजावर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा आणि पडलेली भुकटी झटकून काढा. तारेची घासणी मात्र कधीच वापरू नका. तिचा एखादा तंतू आत राहिला तर शॉर्ट सर्किट ठरलेलं.

पिनच्या होल्डरमध्ये स्प्रिंगवरच्या दोन दांड्या असतात. लाकडी काडीने एकेक दाबून बघा. दाबली की टुणकन वर यायला हवी. ब्रश फिरवूनही एखादी आतच रुतून बसत असेल तर स्प्रिंग गेली, होल्डर बदला.

आट्यांच्या होल्डरमध्ये तळाशी पितळी पत्ती असते. बल्ब जोर लावून पिळणाऱ्यांमुळे ती दबून सपाट होते आणि बल्बला टेकतच नाही. लहान स्क्रू ड्रायव्हरने ती किंचित उचला. फार उचलून बाजूच्या आट्यांना लागू देऊ नका. बल्ब बसवतानाही बोटांना टेकल्याचं जाणवलं की थांबायचं.

बाथरूममधल्या किंवा घराबाहेरच्या होल्डरमध्ये पितळेवर हिरवट पूड दिसली, तर ओल आत शिरतेय. झाकणाचं रबर किंवा गळती आधी बघा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा शिडीवर चढावं लागेल.

सगळं कोरडं झाल्यावर बल्ब बसवा, खाली उतरा आणि मगच मेन चालू करा. खटका लगेच पडला तर तो पुन्हापुन्हा वर करू नका, मेन बंद ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवा. दिवा लागला तर अर्धा तास राहू द्या आणि खाली उभं राहून वास घ्या. प्लॅस्टिक तापल्याचा वास आला तर दिवा बंद करा, मेन पाडा आणि नवा होल्डर बसवून घ्या.