कळशीचा नाद, काळी पाच आणि कहरवा : घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक संगीताची पहिली रचना कशी करावी

घरी इलेक्ट्रॉनिक संगीत करू पाहणाऱ्या हौशी माणसाची पहिली चूक बहुधा खरेदीत होते. माझी तशीच झाली. नाशिकला सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात मी आधी स्पीकर आणले, मग टेबल, मग मायक्रोफोन, आणि वर्षभरात त्या सगळ्यावर मिळून एकही रचना पूर्ण केली नाही. म्हणून या लेखात साधनांची यादी मुद्दाम तोकडी ठेवली आहे आणि स्वतः मिळवलेल्या एकाच नादापासून तीन मिनिटांची रचना शेवटापर्यंत कशी न्यावी, एवढेच सांगितले आहे.

साधने

८ जीबी मेमरीचा साधा लॅपटॉप, वायरचा हेडफोन आणि मोबाइल एवढ्यावर सुरुवात होते. बिनतारी ब्लूटूथ हेडफोन मात्र वापरू नये. त्यात आवाज कानापर्यंत पोहोचायला बहुधा सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक वेळ लागतो. गाणी ऐकताना हे जाणवत नाही, पण पट्टी दाबून वाजवताना प्रत्येक मात्रा मागे पडते. मी महिनाभर स्वतःच्या तालाला दोष देत राहिलो; दोष हेडफोनचा होता.

मुद्रण आणि जुळणी करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रीपर हे नवशिक्याला परवडणारे आहे, कारण ते ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते. पैसे अजिबात घालायचे नसतील तर एलएमएमएस मोफत आहे. मात्र त्याच्या जोडीला ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी ठेवावे. सिंथेसायझर (कृत्रिम स्वर निर्माण करणारे वाद्य) म्हणून मोफत मिळणारे सर्ज एक्सटी अनेक वर्षे पुरते. सॉफ्टवेअर बसवल्यावर सेटिंगमध्ये बफरचा, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो त्या आवाजाच्या तुकड्याचा, आकार १२८ नमुने करावा. प्रतिसेकंद ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने तो सुमारे ३ मिलिसेकंदांचा विलंब होतो. वाजवून झाल्यावर हाच आकडा ५१२ किंवा १,०२४ केला की लॅपटॉप अडखळत नाही.

नाद मिळवणे

इंटरनेटवर तयार नादांचे ढीग मिळतात, पण त्यांतून निवडण्यातच रात्र संपते. नाशिककराला खरे तर दूर जायला नको. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी हे शहर पूर्वीपासून ओळखले जाते आणि भांडी बाजारातून आणलेली एखादी पितळी कळशी अनेक घरांच्या माळ्यावर अजून असते. आमची कळशी आजीच्या वेळची आहे.

लाटण्याच्या टोकाला फडक्याचे दोन वेढे देऊन कळशीच्या पोटावर हलकेच मारावे. आधी ‘टण्’ असा बोचरा ठोका ऐकू येतो, तो लगेच विरतो आणि त्याच्या खालून एक लांबलेला, किंचित थरथरणारा स्वर वर येतो. आपल्याला हवा तो हा दुसरा स्वर. कळशी जमिनीवर ठेवली की तो दबतो, म्हणून ती कापडाच्या चुंबळीवर ठेवावी. पंखा, फ्रीज आणि खिडक्या बंद कराव्यात. मोबाइल वीतभर अंतरावर ठेवून वेगवेगळ्या जोराचे दहा ठोके नोंदवावेत आणि प्रत्येक ठोका पूर्ण विरेपर्यंत थांबावे. रेकॉर्डिंगचे ॲप डब्ल्यूएव्ही प्रकारची फाइल देणारे असावे. आवाजाची पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये (शून्य ही आवाज फाटण्याची मर्यादा), कारण मुद्रणातच फाटलेला आवाज पुढे नीट शिवता येत नाही. गणपतीत नाशिक ढोलाजवळ फोन धरून केलेले रेकॉर्डिंग ऐकले असेल त्याला हे वेगळे सांगायला नको.

घंटेप्रमाणे कळशीचेही उपस्वर मूळ स्वराच्या सरळ पटीत नसतात. त्यामुळे ती कोणत्या पट्टीत वाजते हे ठरवताना कान गोंधळतो. हार्मोनियमची एकेक पट्टी दाबून जुळवावे लागते. आमची कळशी काळी पाचच्या, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीच्या, किंचित वर होती. तिच्यात थोडे थोडे पाणी ओतत गेलो तसा स्वर उतरत गेला, जलतरंगाच्या वाट्यांत उतरतो तसाच, आणि साधारण तीन पेल्यांनंतर तो नेमका काळी पाचवर आला. हे काम सॉफ्टवेअरमध्येही होते, पण पाण्याने जुळवण्याची गंमत त्यात नाही.

स्वर

सर्वांत स्वच्छ ठोका कापून रीपरच्या रीसॅम्प्लोमॅटिक या सॅम्पलरमध्ये (मुद्रित नाद पट्ट्यांवर वाजवणाऱ्या साधनात) टाकावा आणि तो पट्ट्यांप्रमाणे चढ-उतार करील असा प्रकार निवडावा. एक सप्तक वर वाजवल्यास नाद निम्म्या वेळेत संपतो आणि एक सप्तक खाली दुप्पट लांबतो. खाली नेलेली कळशी पितळ न वाटता एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यासारखी घुमते, आणि पुढच्या रचनेचा पाया तोच होतो.

रागसंगीताचे शिक्षण नसलेल्यांसाठी एक सोपी युक्ती आहे : फक्त काळ्या पट्ट्या वापराव्यात. काळी एकला सा मानला तर त्याच पाच पट्ट्या दुर्गाचे स्वर देतात, काळी दोनला धानीचे, काळी तीनला भूपाचे, काळी चारला मधमाद सारंगाचे आणि काळी पाचला मालकंसाचे. स्वर मिळाले म्हणजे राग मिळाला असे अर्थातच नाही. पण चुकीच्या पट्टीवर बोट पडण्याची भीती जाते. आमची कळशी काळी पाचची असल्याने आम्हाला मालकंस आपोआप मिळाला. खाली षड्ज धरून ठेवावा आणि वर सिंथेसायझरने चार-पाच स्वरांची एकच ओळ बांधावी. पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरगुच्छ (कॉर्ड) येत नाहीत म्हणून अडून बसू नये. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंडच्या टीआर-८०८ (ताल देणारे) आणि टीबी-३०३ (खर्जाचे स्वर देणारे) या यंत्रांच्या साथीने, स्थिर षड्ज आणि सरळ ठेका यांच्या जोडीने रागांच्या सुरावटी वाजवून ध्वनिमुद्रित केल्या होत्या. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आजच्या सिंथेसायझरमध्ये तिला पोर्टामेंटो म्हणतात. ती थोडी वाढवली की मींडेचा भास होतो.

ठेका

वेग मिनिटाला १०० ठोके ठेवावा. सॉफ्टवेअरमधील एका मापात १६ घरे असतात; कहरव्याच्या आठ मात्रांना प्रत्येकी दोन घरे द्यावीत. ‘धा’साठी पहिल्या आणि ‘धिं’साठी तेराव्या घरात जड ठोका, ‘गे’साठी तिसऱ्यात हलका, आणि खालीच्या जागी, म्हणजे पाचव्या मात्रेच्या नवव्या घरात, टाळीचा आवाज. झाले. सगळे ठोके सारख्याच जोराने वाजले तर मात्र ते पिठाच्या गिरणीसारखे ऐकू येते. जोराचे आकडे ० ते १२७ असतात. समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, ११५, हलक्या ठोक्याला ६० आणि मधले त्यांच्या मध्ये कुठेतरी ठेवावेत. टाळी घराच्या रेषेपासून १० ते १५ मिलिसेकंद मागे ओढून पाहावी. ताशेवाल्याच्या काड्या एखाद्या मात्रेवर रेंगाळतात तेव्हा ठेक्याला जी लय येते, ती अशा लहानशा ढिलाईतून येते.

बांधणी आणि मिश्रण

नवशिक्याची रचना बहुतेक वेळा आठ मापांच्या आवर्तनातच अडकते. त्यावर उपाय उलट्या दिशेचा आहे. सगळे थर एकत्र वाजवून ते तीन मिनिटे पसरवावेत आणि मग पुसत जावे. पहिल्या अर्ध्या मिनिटात फक्त खालची कळशी ठेवावी, त्यानंतर ठेका आत घ्यावा, मधे एकदा ठेका पूर्ण थांबवावा.

मिश्रण करताना जड ठोका आणि घुमणारी कळशी यांचे भांडण होते, कारण दोघांचाही जोर १०० हर्ट्झच्या आसपास असतो. ज्या थरांना खर्जाची गरज नाही त्यांच्यातील १०० हर्ट्झखालचा भाग फिल्टरने कापावा आणि ठोक्याच्या क्षणी कळशी थोडी दबेल अशी व्यवस्था करावी. एकूण पातळीत ६ डेसिबलची मोकळीक राहू द्यावी. मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज, हा समज सोडावा. स्पॉटिफायसारखी सेवा सर्व गाणी नेहमीच्या सेटिंगमध्ये उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक) जवळ आणते, त्यामुळे जास्त रेटलेले गाणे तिथे खालीच ओढले जाते.

शेवटी २४ बिटची डब्ल्यूएव्ही फाइल काढून ती दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलच्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चालू असताना ऐकावी. तिथे ठेका ऐकू आला नाही तर जड ठोक्यात २ किलोहर्ट्झच्या आसपास थोडी भर घालावी आणि फाइल पुन्हा काढावी. कळशीतले पाणी त्याआधी ओतून द्यावे. आमच्याकडे ते चार दिवस तसेच राहिले आणि पितळेवर हिरवा डाग पडला, तो चिंचेने घासावा लागला.