वीज तोडण्याची नोटीस आल्यावर काय करावे

साताऱ्यातील गोडोली-करंजे भागात काय किंवा माण-खटावच्या वाड्यावस्त्यांवर काय, मोलमजुरी करणाऱ्या घरात वीज तोडण्याची नोटीस आली की शेजारीपाजारी दोनच सल्ले देतात. बिल चुकीचे असेल तर एक पैसाही भरू नका, हा पहिला; उसनवारी करून आधी सगळे भरा आणि तक्रार मागाहून करा, हा दुसरा. पहिल्याने घर अंधारात जाते, दुसऱ्याने कर्जात. कायद्याने ठेवलेली तिसरी वाट मात्र क्वचितच कोणी सांगतो.

प्रथम नोटिशीची तारीख पाहावी. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीपोटी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मोबाइलवर आलेला संदेशही पुसून टाकू नये.

नंतर मीटरवरचा आकडा आणि बिलावरील चालू रीडिंग ताडून पाहावे. घरची सगळी माणसे कामावर असल्याने दार बंद राहिले की काही महिने सरासरीचे बिल येते आणि पुढे साठलेल्या युनिटचे बिल एकदम पडते. अशा वेळी ती युनिट तेवढ्या महिन्यांत विभागून दरमहाचा स्लॅब, म्हणजे युनिटनुसार ठरलेला दराचा टप्पा, लावून मागावा, कारण पहिल्या १०० युनिटचा दर त्यापुढील दरापेक्षा बराच कमी असतो.

बिल बरोबर निघाले, तर महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात हप्ते बांधून मिळण्यासाठी अर्ज द्यावा आणि हप्त्याबरोबर चालू बिलही भरत राहावे.

बिल चुकीचे निघाले, तर पुढचा टप्पाच सर्वांत अवघड आहे आणि बहुतेक कुटुंबे येथेच अडतात. कलम ५६ म्हणते की मागितलेली रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांत भरलेल्या वीज आकाराच्या सरासरीने प्रत्येक महिन्याची होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ग्राहकाने हरकत नोंदवून जमा केली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत त्याची वीज तोडता येत नाही. समजा, सहा महिन्यांत मिळून ४,२०० रुपये भरले आहेत आणि या महिन्याचे बिल ९,८०० रुपये आले आहे. तर ७०० रुपये भरावेत. वाद दोन महिन्यांच्या बिलांचा असेल तर १,४०० रुपये.

ही रक्कम गुपचूप ऑनलाइन भरू नये. तसे केले की ती केवळ अपुरा भरणा म्हणून नोंदली जाते, हरकत कोठेच दिसत नाही आणि उरलेली रक्कम थकबाकीत जाते. आधी अर्ज द्यावा आणि त्यात स्पष्ट लिहावे: ‘या देयकाबाबत माझी हरकत कायम ठेवून, वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार ही रक्कम अंडर प्रोटेस्ट भरत आहे.’ सोबत मीटरचा फोटो आणि मागील सहा बिलांच्या प्रती जोडाव्यात. आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नये. तोंडी आश्वासन, मग ते कितीही आपुलकीने दिलेले असो, लाइनमन खांबावर चढल्यावर दाखवता येत नाही. भरणा खिडकीवर कमी रक्कम घेत नसतील, तर तोच अर्ज दाखवून अधिकाऱ्याकडून बिलावर रक्कम लिहून सही घ्यावी. ते नकार देत असतील, तर नकार लेखी मागावा.

आणखी एक इशारा मी प्रत्येकाला देतो: वादग्रस्त बिलावर हप्त्यांचा अर्ज करू नये. हप्ते मागणे म्हणजे रक्कम मान्य करणे, असाच त्याचा अर्थ पुढे काढला जातो.

दाद मिळाली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जावे. साताऱ्याचे प्रकरण बारामती परिमंडलाच्या मंचाकडे जाते, सांगलीचे कोल्हापूरच्या. वकील लागत नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो.

विजेसारखीच अडचण घरच्या गॅस सिलिंडरचीही येते, पण गॅसचे काम त्या मानाने सोपे आहे. ई-केवायसी पूर्ण करावी आणि बँक खाते आधारशी जोडलेले आहे ना, ते तपासावे, कारण उज्ज्वलाचे अनुदान त्याच खात्यात जमा होते. मोठ्या सिलिंडरचे पैसे एकरकमी जमत नसतील, तर उज्ज्वला जोडणीवर ५ किलोचा सिलिंडर वितरकाकडे मागता येतो.