आयटीआय इलेक्ट्रिशियनच्या सेकंड इयरला चाललाय? मग हे आधी करा

फर्स्ट इयर वायरिंग, अर्थिंग, ट्रान्सफॉर्मर करत निघून गेलं, आता मोटर, अल्टरनेटर, वाइंडिंग आणि कंट्रोल पॅनल येणार. खरा ट्रेड इथून सुरू होतो आणि नेमकं इथेच अर्धी पोरं ‘आता काय, सीनियर झालो’ म्हणून ढिली पडतात.

आधी कागद उरकून टाका. फर्स्ट इयरच्या मार्कशीटवरचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख दहावीच्या मार्कशीटशी अक्षरन् अक्षर जुळवून बघा, स्पेलिंग चुकलं असेल तर आत्ताच ऑफिसात अर्ज द्या, नाहीतर अप्रेंटिसशिपच्या वेळी धावपळ होते. महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म यंदा रिन्यूअलमध्ये भरायचा. विषय राहिला असेल तर सरांना गाठून पुन्हा फॉर्म कधी भरायचा ते विचारा, लाजू नका.

आता वाइंडिंग. जळालेली मोटर हातात आली की लगेच छिन्नी हातोडी घेऊ नका. स्लॉट (तार बसते त्या खाचा) किती, कॉइलचा पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधलं स्लॉटचं अंतर) किती, एका कॉइलला टर्न किती, कनेक्शन कसं, हे सगळं काढण्याआधी जर्नलमध्ये चित्र काढून लिहा. तारेचा गेज मोजताना वरचं इनॅमल (इन्सुलेशनचा पातळ थर) आधी काढायचं, इनॅमलसकट मायक्रोमीटर लावला की तार आहे त्यापेक्षा जाड दिसते आणि पुढे सगळा हिशोब गंडतो. एकदा जुनी तार कापली की डेटा गेला, मग मोटरला विचारत बसा.

स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार जोडणीत कमी व्होल्टेजवर सुरू करून मग डेल्टात नेणारा) तर आलाच पाहिजे, प्रॅक्टिकलला नाही पडला तरी इंटरव्ह्यूला विचारतातच. पॉवर वायरिंगला हात लावायच्या आधी नुसतं कंट्रोल वायरिंग (कॉइल आणि टायमरचं) करा, मोटर न जोडता सप्लाय द्या (सर शेजारी असतानाच) आणि बघा, आधी मेन आणि स्टार कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा स्विच) ओढला पाहिजे, टायमर संपला की स्टार सुटून डेल्टा लागला पाहिजे. स्टारचा एनसी (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जोडलेला कॉन्टॅक्ट) डेल्टाच्या कॉइलला आणि डेल्टाचा एनसी स्टारच्या कॉइलला सिरीजमध्ये घातलाय ना ते मल्टिमीटरने तपासा, कारण दोन्ही एकदम लागले तर फेज टू फेज डेड शॉर्ट. मोटरची नेमप्लेट पण वाचा, ४१५ व्होल्ट डेल्टा लिहिलेलं असेल तरच हा स्टार्टर चालतो, ४१५ स्टारवाली मोटर डेल्टात टाकली तर वाइंडिंग जळणार. आणि मोटर जोडायच्या आधी मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावून बॉडीशी इन्सुलेशन बघायची सवय आत्ताच लावून घ्या, फील्डवर कोणी आठवण करून देत नाही.

हजेरी ८० टक्के लागते, त्याखाली गेलात की परीक्षेलाच बसू देत नाहीत. थिअरीचा पेपर कॉम्प्युटरवर, पासिंग ३३ टक्के, त्यामुळे प्रश्नसंच घोकून निघून जाते. प्रॅक्टिकलला मात्र ६० लागतात. म्हणून शॉपमध्ये चार जणांत एक जॉब असला तर स्क्रूड्रायव्हर आपल्या हातात ठेवा, नुसतं ‘फोटो काढला’ म्हणून होत नाही. जर्नल त्याच आठवड्यात सही करून घ्या.

दिवाळीनंतर अप्रेंटिसशिप पोर्टलवर प्रोफाइल बनवून ठेवा. महावितरणसारख्या ठिकाणची जाहिरात आली की शेवटच्या दिवशी साइट रडते.