कॅपिटल शिकवण्याआधी नाव ओळखू द्या

देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसतातच, त्यामुळे इंग्रजीतलं कॅपिटल मुलांना उगाचची कटकट वाटते. नियम पाठ करून घेण्याआधी जोड्या द्या: 'रिव्हर' आणि 'नाईल', 'मंथ' आणि 'जुलै'. पहिला शब्द कुठल्याही नदीला, महिन्याला चालतो. दुसरा एकीचंच, एकाचंच नाव. कॅपिटल त्याला. 'समर', 'विंटर' मात्र लहानच, इथे मोठी माणसंही चुकतात. खरी गंमत 'मदर'ची. 'माय मदर' लिहिताना 'एम' लहान. तिला हाक मारताना तोच 'एम' मोठा, कारण तिथे तो शब्द नावाचं काम करतो. मग सगळा लहान अक्षरांतला एखादा परिच्छेद द्या आणि लाल पेन मुलांच्याच हातात ठेवा. 'मी' या अर्थाचा 'आय' हमखास सुटतो.