खातं बंद करण्याआधी आपला डेटा कसा मागून घ्यावा

मोबाइलमधून ॲप काढून टाकलं तरी खातं चालूच राहतं आणि माहितीही कंपनीच्या सर्व्हरवर तशीच पडून असते. ती खरोखर पुसायची असेल तर क्रम पाळा: आधी प्रत, मग जोडण्या तोडणं, शेवटी डिलीट. उलटं केलंत तर प्रत मागायला खातंच उरत नाही.

प्रतीसाठी सेटिंग्जमध्ये ‘तुमची माहिती डाउनलोड करा’ अशा अर्थाचा पर्याय शोधा. फाइलचा प्रकार विचारला तर वाचायला एचटीएमएल (ब्राउझरमध्ये वेबपानासारखी उघडणारी फाइल) घ्या. जेसन (JSON, प्रोग्रामना वाचायला सोपी फाइल) दुसऱ्या सेवेत न्यायच्या कामाची. जेसनमध्ये तारखेच्या जागी 1717200000 असा आकडा दिसेल. ते 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद असतात. हा आकडा म्हणजे जागतिक वेळेनुसार 1 जून 2024 ची सुरुवात. प्रत उतरवायची लिंक बहुधा काही दिवसांतच बंद पडते, म्हणून झिप (सगळ्या फाइल एकत्र बांधलेली फाइल) लगेच उतरवा आणि उघडून पाहा. जाहिरातींसाठी तुमच्याबद्दल बांधलेले अंदाज आणि कधीतरी ‘अलाउ’ म्हटल्यामुळे वर गेलेली फोनबुकातली नावं असतील तर तिथेच सापडतील.

पर्याय नसेल तर प्रायव्हसी पॉलिसीत दिलेल्या पत्त्यावर, नोंदणीच्याच ईमेलवरून लिहा. ‘माझा डेटा द्या’ एवढंच लिहिलं तर प्रोफाइलची दोन पानं हातात पडतात. नेमकं मागा: कोणती माहिती आहे, कशासाठी, कोणाला दिली, किती दिवस ठेवणार. युरोपात 25 मे 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 15 नुसार हे सगळं मागता येतं. उत्तराची मुदत एक महिना. अवघड प्रकरणात आणखी दोन महिने मिळतात, पण तसं कारणासह पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं. ओळखपत्र मागितलं तर आधी कारण विचारा. द्यावंच लागलं तर अनावश्यक आकडे झाकून द्या.

आता जोडण्या. याच खात्याने जिथे जिथे साइन इन करता, तिथे आधी वेगळा पासवर्ड लावा, नाहीतर ती खातीही हातची जातील. ॲप स्टोअरमधून घेतलेलं सबस्क्रिप्शन खातं पुसल्याने थांबत नाही, ते स्टोअरमध्येच जाऊन रद्द करा.

मग डिलीट. ‘डीॲक्टिव्हेट’ म्हणजे नुसता पडदा, त्याला भुलू नका. फेसबुकवर डिलीटनंतर 30 दिवस मन बदलायला मिळतात. त्या काळात लॉग इन करून विनंती रद्द करता येते, आणि सगळं पुसायला 90 दिवसांपर्यंत लागू शकतात. करासाठी ठेवावी लागणारी बिलं कंपनीकडे राहतात, तुम्ही पाठवलेले मेसेज समोरच्याकडे.

मुदत उलटल्यावर ‘पासवर्ड विसरलात?’ वर जुना ईमेल टाका. स्क्रीनवर काय दिसतं त्यावर जाऊ नका; खातं असो-नसो, बऱ्याच सेवा तिथे एकच वाक्य दाखवतात. इनबॉक्स पाहा. पासवर्ड बदलायची लिंक आली, तर खातं अजून आहे.