रंगाआधी बैठक जमवा
वडिलांसाठी किंवा बहिणीसाठी जुनी मोटारसायकल तयार करताय? रंगाची घाई नको. आधी गाडी स्टँडवरून उतरवा, कुणाला तरी मागून धरायला सांगा आणि जो चालवणार त्यालाच बसवा. पाय नीट टेकतात का, खांदे ताणले जातात का, बघा. सीटचा फोम कमी करणं सोपं असतं. खरी डोकेदुखी हँडलची: उंच हँडल बसवलं की क्लच, ब्रेक, थ्रॉटल (म्हणजे ॲक्सिलरेटर) यांच्या केबलही बहुधा लांब लागतात. ते तपासायला गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. इंजिनाचा आवाज आपोआप चढला, तर थ्रॉटलची केबल ताणली जातेय. अशी गाडी रस्त्यावर आणू नका. हेडलाइटमागच्या वायरी घासतायत का, तेही बघा. आणि काढलेलं मूळ हँडल भंगारात देऊ नका!